सिस्टरांची तालीम

दौंडच्या शाळेत नोकरी लागली आणि खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकीण माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "जीभ दाखव."

मी जीभ दाखवली. माझ्याबरोबर मांडवगणहून आलेले आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात पिशवी घेऊन उभे होते. दौंडची हीच पद्धत असेल असं वाटून त्यांनीही तोंड उघडलं. बाईंनी दोन्ही जिभा नीट पाहिल्या, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि निकाल दिला, "पोरीचं रक्त कमी हाय. तुमचं पोट साफ न्हाई. खोली देते."

स्टँडवर एसटीत चढताना आप्पा मला म्हणाले, "खोली चांगली हाय. बाई जरा…" पुढे त्यांना शब्द सापडला नाही. "पर पोटाचं बरोबर सांगितलं तिनं," एवढं म्हणून ते खिडकीजवळ बसले.

घरमालकीणबाईंना सगळं दौंड सिस्टर म्हणायचं. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते वारले होते, मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर मी, खाली सिस्टर, आणि घरात सगळीकडे डेटॉलचा वास. विरजण लावताना त्या दुधात थर्मामीटर बुडवायच्या. दूधवाल्याचं माप झालं की "नेक्स्ट!" म्हणून ओरडायच्या, मागे कुणी उभं असो वा नसो. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणं फार अवघड जायचं. एकदा मी उशिरा आले आणि शाळेत मीटिंग होती म्हणाले. सिस्टरांनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मीटिंगला नाडी एवढी पळत न्हाई. कुठला पिक्चर होता?"

रविवारी सकाळी त्या कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसायच्या आणि "देवळात जाते" म्हणून निघायच्या. पहिल्या खेपेला मी समजले विठ्ठलाच्या. मग कळलं की जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पुढच्या रविवारी त्या मलाही घेऊन गेल्या. मी म्हटलं, "सिस्टर, मला त्यातलं काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "नको कळू दे. तिथला पंखा चांगला हाय."

दगडी, बसकं देऊळ होतं ते, इंग्रजांच्या वेळचं. गाडी गेली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पहिल्या ओळीत उजवीकडे सिस्टर, मागे रेल्वेतले एक रिटायर झालेले फिटरकाका आणि आणखी मोजकी म्हातारी माणसं. एक जुनी बाजाची पेटी होती, तिचे दोन सूर कायमचे बसलेले. ते सूर आले की सगळी मंडळी ते तोंडाने भरून काढायची. गाणी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची होती. मला आमच्या गावच्या भजनाची आठवण यायची, फक्त हे भजन फार सावकाश चालायचं.

त्यातली काही गाणी सिस्टरांच्या वडिलांनी रचलेली होती. ते इनामगावच्या बाजूला घोड नदीकाठी खेडोपाडी उपदेशक म्हणून हिंडायचे, खांद्याला एकतारी अडकवून. त्यांचं एक गाणं सिस्टर भांडी घासताना म्हणायच्या :

घोड नदीच्या पल्याड माझ्या बापाचं घर,
नावाड्या, येतो सावकाश, घाई नको कर.

स्वर्ग घोड नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, हे मला तेव्हाच पटलं होतं. मांडवगणहून तो काठ तसा जवळच पडतो.

मग जुने पाळक निवृत्त झाले आणि पुण्याहून नवे आले. पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू. हे तरुण होते, कोरलेली दाढी, जीन्स, आणि अंगात मावणार नाही इतका उत्साह. पहिल्याच रविवारी त्यांनी दोन्ही हात पसरून म्हटलं, "गुड मॉर्निंग, फॅमिली!"

पहिल्या ओळीतून आवाज आला, "आपल्यात आधी सलाम म्हणायचं आसतं."

"सलाम, फॅमिली!" पाळकसाहेब म्हणाले. मनाने फार चांगला माणूस होता.

हळूहळू पेटी कोपऱ्यात सरकली आणि तिच्यावर चादर आली. तिच्या जागी कीबोर्ड आला, गिटार आली, भिंतीवर पडदा आला, आणि शेवटी ड्रम आले. ड्रमवाला कुरकुंभच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. चांगला बायकापोरांचा माणूस, पण ड्रमवर बसला की मशीनच चालू झाल्यासारखा वाजवायचा. गाणी निम्मी हिंदी, पाव इंग्रजी, उरलेली मराठी, आणि सगळ्यांची एकच ओळ पुन्हा पुन्हा. खिडक्या आता गाडी नसतानाही थरथरायला लागल्या.

सिस्टरांनी एक रविवार सहन केलं. दुसऱ्या रविवारी त्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात दवाखान्यातला स्टीलचा ट्रे, त्यात कापसाचे बोळे, दुसऱ्या हातात चिमटा. येणाऱ्या प्रत्येकाला "जय ख्रिस्त. एक कान का दोन?" असं विचारून त्या चिमट्याने बोळे देत होत्या. म्हाताऱ्यांनी दोन-दोन घेतले. पाळकसाहेब आले. सिस्टरांचा मान मोडू नये म्हणून त्यांनीही घेतले आणि तिथंच कानात घातले. त्या दिवशी त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्यांनी सगळा उपदेश बेंबीच्या देठापासून ओरडून केला. उपासना संपल्यावर फिटरकाका त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, असा उपदेश मी जन्मात ऐकला न्हाई." आणि मग कानातला कापूस काढला.

त्यानंतरच्या रविवारी गाणं रंगात आलं असताना सिस्टर उठल्या, सरळ पुढे गेल्या आणि ड्रमवाल्याचं डावं मनगट धरलं. तो बिचारा उजव्या हाताने वाजवत राहिला. सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघतंय. हात सोडून त्या माइकजवळच म्हणाल्या, "ही नाडी देवळातली न्हाई, कॅज्युअल्टीतली हाय. पाणी पी आन् घटकाभर आडवा हो."

"आवं सिस्टर, बीट हाय त्यो," ड्रमवाला काकुळतीला येऊन म्हणाला.

"मी बीटच बघतीय."

त्या संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मी सिस्टरांकडेच बसले होते. त्यांनी चप्पल काढली, जीभ दाखवली (तोवर त्यांनाही पद्धत कळली होती) आणि खुर्चीत बसले.

"सिस्टर, तुम्हाला नक्की काय खटकतं ते सांगा."

"येक ओळ तुम्ही किती येळा म्हणता?"

"ती मनात मुरावी म्हणून म्हणतो, सिस्टर."

"मुरायला ती काय लोणचं हाय? देवाला येकदा सांगितलं की कळतं. तुम्ही परत परत सांगता. त्यो वर म्हणत आसंल, ह्या पोरांना वाटतंय मला ऐकू येईना झालंय."

पाळकसाहेब मोठ्याने हसले. मग चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "सिस्टर, मी आलो तेव्हा देवळात माणसं किती होती? निम्मी बाकं रिकामी होती. ड्रम आले म्हणून पोरं आली. हा ड्रमवालाच घ्या. आधी रविवारी कुठे असायचा?"

"टपरीवर."

"आता देवळाची किल्ली त्याच्याकडे असते. त्याच्या आधी कुणी येत नाही आणि त्याच्या नंतर कुणी जात नाही."

सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. "खरं बोलताय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "येऊ द्या पोरं. मी कशाला नको म्हणू? पर आमची गाणी कुठं गेली?"

"पुस्तकात आहेत ना."

"पुस्तकात शब्द हाईत. चाल कुठं हाय? चाल गळ्यात हाय, साहेब. आन् आमच्या बापाची गाणी तर पुस्तकात बी न्हाईत. येकेक गळा मातीत चाललाय. मी गेले म्हंजी ह्या देवळातनं ती चाल गेली."

जाताना पाळकसाहेबांनी पाहू, करू, असं काहीतरी म्हटलं. सिस्टरांनी परत मनगट धरायला हात पुढे केला तेव्हा ते घाईघाईने चप्पल घालून निघाले.

पुढे पावसाळ्यानंतर फिटरकाका वारले. देवळात त्यांची शवपेटी मधोमध ठेवलेली, फुलं घातलेली. बँडने गाणं धरलं ते नेहमीचंच होतं, जरा हळू वाजवलं इतकंच. पण तिसऱ्या खेपेला गिटारवाल्याला राहवलं नाही. सवयीने तो ओरडला, "सगळ्यांनी हात वर करा!"

घरी परतताना फाटकाशी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बघितलंस? मयत सोडून सगळ्यांनी हात वर केले." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माझ्या वक्ताला असं झालं तर मला उठून सांगता बी यायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि पायरीवरच बसून राहिल्या. नेहमी ताठ बसणारी ती बाई त्या दिवशी एकदम लहान दिसली.

दोनच दिवसांत त्या पाळकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला माझ्या मयताची तालीम पाहिजे."

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. लग्नाची तालीम घेता, नाताळच्या नाटकाची घेता, मग जे नक्की होणार त्याचीच का नाही? शेवटी शनिवारी दुपारी ठरलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "पेटी लागेल ना, सिस्टर?" त्यांना बाजाची म्हणायची होती. सिस्टर म्हणाल्या, "ती आत्ताच नको. मी कॉट आणते."

कॉट माझी होती. फोल्डिंगची. आम्ही ती रिक्षाच्या टपावर बांधली. रिक्षावाल्याने विचारलं, "सिस्टर, कॉट कुठं न्यायची?"

"देवळात. माझ्या मयताला," सिस्टर म्हणाल्या आणि आत बसल्या. रिक्षावाला पूर्ण रस्ताभर आरशातून मागेच बघत होता.

देवळात कॉट मधोमध मांडली. सिस्टर पांढरी साडी नीट करून आडव्या झाल्या, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. मला झेंडूची फुलं पसरायला लावली. "आर्धवट काम मला आवडत न्हाई," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. बँडवाले भिंतीला चिकटून उभे होते. ड्रमवाल्याने चपला काढून ठेवल्या होत्या.

"करा सुरू."

पडद्यावर सिस्टरांनी लिहून दिलेलं घोड नदीचं गाणं लागलं. पडदा सांभाळणाऱ्याने कॉम्प्युटरवर 'घोड' एवढंच शोधलं असावं. शब्दांच्या मागे एक पांढराशुभ्र घोडा आयाळ उडवत चौखूर धावत होता. सिस्टरांनी एक डोळा उघडला. "हे जनावर कुणाचं? मला घेऊन जायला आलंय का? काढा ते."

घोडा गेला. बँडने दोन ओळी म्हटल्या.

"सावकाश!" कॉटवरून आवाज आला. "मी कुठं पळून चालले न्हाई."

पुन्हा दोन ओळी.

"'नावाड्या'वर थांबा. त्यो पल्याडच्या काठावर हाय. हाक पोचू द्या की त्याला."

असं करत करत तासभर गेला. त्या आडव्या पडून एकेक सूर म्हणून दाखवायच्या, पोरं मागून म्हणायची, आणि हळूहळू त्यांच्या गळ्यात ते वळण बसायला लागलं होतं. पण तेवढ्या वेळात रिक्षावाला दारातून डोकावून गेला होता. त्याने फोटो काढला आणि हात जोडलेल्या चित्रासह सगळीकडे पाठवून दिला : 'दौंडच्या सिस्टर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

आधी गल्लीतल्या बायका आल्या. मग दूधवाला हार घेऊन आला. त्यांना मी दारातच अडवून समजावलं, ते मागच्या बाकांवर बसले. पण संध्याकाळकडे शिरूरहून जीप आली, तेव्हा मी पाणी आणायला गेले होते. जीपमध्ये सिस्टरांचं सगळं माहेर होतं. सगळ्यांच्या पुढे त्यांच्या थोरल्या वहिनी, त्या दारातूनच हंबरडा फोडत आल्या, "आवं ताईऽऽ, मला न सांगता कशा वो गेला…"

सिस्टर डोळे मिटूनच होत्या. त्यांना तो तालमीचाच भाग वाटला. "रडणं शेवटच्या कडव्यानंतर," त्या म्हणाल्या. "आत्ता न्हाई."

वहिनी जागच्या जागी कोसळल्या.

सिस्टर टुणकन उठल्या. अंगावरची फुलं सगळीकडे उडाली. "धरा हिला! पाय वर! मान बाजूला!" असं म्हणत त्यांनी ड्रमवाल्याच्या मदतीने वहिनींना उचललं आणि कॉटवर निजवलं. पाळकसाहेब गाण्याच्या कागदाने वारा घालायला लागले. इतक्यात जीपमधले मागचे लोक आत शिरले. कॉटवर वहिनी, शेजारी कमरेवर हात देऊन सिस्टर. नक्की गेलं कोण, हे कुणालाच कळेना. वहिनींचे यजमान, म्हणजे सिस्टरांचे दादा, तर बहिणीकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघून दोघींच्याही नावाने रडायला लागले.

"कुणी गेलं न्हाई," सिस्टर गरजल्या. "तालीम चाललीय."

"कशाची तालीम?" दादांनी विचारलं.

सांगितल्यावर ते मटकन बाकावर बसले. वहिनींनी डोळे उघडले, सिस्टरांना धडधाकट पाहिलं आणि पहिलं काम काय केलं, तर त्यांच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. "येवढी जीप करून आलो आम्ही!"

"मग वाया कशाला घालवता?" सिस्टर म्हणाल्या. "बसा. आवाज कमीच पडत होता."

आणि त्या वहिनींना उठवून पुन्हा स्वतः आडव्या झाल्या.

ते गाणं शिरूरच्या लोकांचंच होतं. घोड नदीकाठी लहानपणी ऐकलेलं. दादांनी डोळे पुसत पहिली ओळ धरली, वहिनींनी उचलली, आणि मग जीपमधली सगळी माणसं त्यात आली. कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. बँडवाले नुसते ऐकत उभे राहिले. मधल्या एका कडव्याला ड्रमवाला खाली बसला आणि समोरच्या बाकाच्या पाठीवर बोटांनी हलकेच ठेका धरला. मला वाटलं, आता सिस्टर ओरडणार. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "येवढंच."

गाणं संपलं तरी त्या उठल्या नाहीत. कानशिलाकडे पाणी ओघळलं होतं. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "मेल्यावर ह्यातलं काय ऐकू येत न्हाई गं. बरं झालं आधीच ऐकलं."

त्यानंतर तह झाला. दर रविवारी एक जुनं गाणं, पडदा बंद, माइक बंद. ते शिकवायला शनिवारी सिस्टरांच्या अंगणात बँड बसायचा. त्याबदल्यात नव्या गाण्यांना सिस्टर उभ्या राहायला लागल्या. हात वर करा म्हटलं की त्या एकच हात वर करायच्या, तोही वर्गात लघवीला जायची परवानगी मागावी तसा. टाळ्याही वाजवायच्या, पण इतरांच्या टाळ्या झाल्यावर. मी एकदा ते दाखवून दिलं, तर म्हणाल्या, "माझी टाळी बरोबर हाय. लोकच लवकर वाजवत्यात."

माझं लग्न झालं, शिरूरला बदली झाली. सिस्टरांचा अधूनमधून फोन यायचा. पहिला प्रश्न पोट, दुसरा रक्त, मग देवळातल्या बातम्या. आमच्या आप्पांनाही त्या परस्पर फोन करायच्या आणि आप्पा तो उभ्याने घ्यायचे.

एके दिवशी दुपारी ड्रमवाल्याचा फोन आला. "मॅडम, सिस्टर गेल्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तालीम आहे का?"

तो म्हणाला, "तुम्ही दहाव्या हाय इचारणाऱ्या. न्हाई, मॅडम. खरंच."

देऊळ भरून बाहेर पायऱ्यांवर माणसं उभी होती. दूधवाला होता, रिक्षावाला होता, माझ्या शेजारी शिरूरच्या वहिनी होत्या. या वेळी खरी पेटी होती आणि झाकण बंद होतं. पडदा गुंडाळून ठेवला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि बाजूला झाले.

घोड नदीचं गाणं ड्रमवाल्याने धरायचं होतं. तो रिकाम्या हातांनी पुढे आला. लवकर संपवून मोकळं व्हावं तसं त्याने भरभर सुरू केलं, निम्म्या देवळाला त्याच्याबरोबर पळत यावं लागलं. दुसऱ्या ओळीच्या मध्येच तो थांबला. सगळेच थांबले.

त्याने पेटीकडे पाहिलं.

"सॉरी, सिस्टर," तो म्हणाला.

मग त्याने दम घेतला, चांगला भरपूर घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वहिनींनी माझा हात धरला, आणि आम्ही सगळे त्याच्या मागोमाग म्हणायला लागलो, अगदी सावकाश.